रात्रीत बऱ्या झालेल्या पाट्या

४ फेब्रुवारी

ती. मामा,

गेल्या महिन्याभरात तीनदा फोन केला. दोनदा कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा मामीने उचलला, तुला बोलावून आणते म्हणाली. मग बराच वेळ तिच्या चपलांचा आवाज, आणि शेवटी, "तो म्हणतो, पत्र लिही." म्हणून लिहिते आहे. रागावला असशील तर तसं स्पष्ट कळव. दोन वर्षं मी घरी आले नाही, त्यामुळे राग रास्तच आहे. पण फोन न घेणं हा तुझा स्वभाव नाही.

माझं बरं चाललं आहे. खोलीत टेबल, दोन पडदे आणि एक खुर्ची, जिचं एक चाक अडतं. दिवसभर मी संगणकावर एक पदार्थ रचते आणि मोडते. हातात घेता येईल असं काही नसतं. पातळ थरांवर थर असलेल्या, भट्टीत भाजून केलेल्या एका पदार्थाचे अणू एकेक करून मांडायचे, मग मुद्दाम त्यात खोट ठेवायची. कुठे एक अणू काढून टाकायचा, कुठे एक थर शेजारच्यावरून थोडा सरकवायचा. मग कडेने दाब द्यायचा आणि काय होतं ते बघायचं. तू सदतीस वर्षं भट्टीतून निघालेल्या मातीच्या पाट्या हातोडीने वाजवून खोट शोधत होतास. मी आधी खोट घालते आणि मग शोधते. तू याला रिकामपणचे उद्योग म्हणशील.

पण परवा एक गंमत झाली. दाब वाढवला की थर तुटणार, अशी माझी खात्री होती. तुटले नाहीत. मामीच्या कपाटातली चादरींची चळत कडेने ढकलली की मधेच फुगते, तसे चार-पाच थर फुगले, सुरकुती पडली. दाब काढला, आणि सुरकुती सरकत सरकत गेली. चळत पुन्हा सपाट. जणू काही झालंच नव्हतं.

हे सांगायला तुझ्याशिवाय कोणी सुचलं नाही. लहानपणी कपबशीपासून दाराच्या कडीपर्यंत सगळं वाजवून बघायला तूच शिकवलंस, आणि घरच्यांची बोलणी मी खाल्ली. त्यावरच आजवर जगते आहे.

तुझी,
टिचकी


११ फेब्रुवारी

चि. टिचकी,

रागावलो नाही. फोनवर मला बोलणं सुधरत नाही, एवढंच. मामीला तुझं पत्र वाचून दाखवलं. चादरींचं ऐकून तिने कपाट आवरायला काढलं आहे, त्यामुळे घरात दोन दिवस बसायला जागा नाही.

एक विचारतो. ती सुरकुती परत सपाट व्हायला किती वेळ लागतो? एक रात्र लागू शकेल का? आणि हा पदार्थ दिसायला राखाडी असतो का? साध्या करवतीने कापता येतो का?

घाई नाही. लवकर कळव.

मामा


१६ फेब्रुवारी

ती. मामा,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीवरून उठले. राखाडी असतो. करवतीने कापता येतो. इथल्या प्रयोगशाळेत त्याचा तुकडा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा हा मातीच्या जातीचा आहे हे मला खरं वाटलं नव्हतं. तुला कसं ठाऊक?

रात्रीचं मात्र सांगता येत नाही. माझा संगणक तीन आठवडे राबतो तेव्हा त्या पदार्थाच्या आयुष्यात एका सेकंदाचा अब्जावा भाग सरतो. एक रात्र बघायची तर मला आणि माझ्या नातवंडांच्या नातवंडांना बसावं लागेल, तरी पुरणार नाही. पण खुणा आहेत. जिथे मी अणू काढून ठेवला आहे, त्या रिकाम्या जागेशी सुरकुती अडते. अशा जागा जास्त असल्या तर ती पुष्कळ रेंगाळेल. तास? रात्र? नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही. सुरकुती असेपर्यंत थर एकमेकांवर घासतात, म्हणजे वाजवलं तर नाद आतच जिरेल. तुझ्या शब्दांत, बद्द वाजेल.

आता वाईट बातमी. बाईंना, म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाईंना, हे सगळं खोटं वाटतं. मी जो डबा घेतला आहे त्याला भिंती नाहीत. उजवीकडून बाहेर पडलेला अणू डावीकडून आत येतो. थोडे अणू घेऊन पुष्कळ असल्याचा आव आणायची ही आमची नेहमीची युक्ती. बाई म्हणाल्या, तुझा डबा इतका लहान आहे की सुरकुती स्वतःलाच ढकलते आहे. परत जाते कारण समोर तीच उभी आहे. डबा मोठा करून पुन्हा बघ, नाहीतर प्रबंधातून हे प्रकरण काढ.

त्यांचं म्हणणं बरोबर असू शकतं. मोठ्या डब्याला तीन महिने लागतील. रांगेत नाव लावलं आहे.

आणि तू विचारलंस म्हणून किती बरं वाटलं. इथे कोणी असं विचारत नाही.

टिचकी


१९ मार्च

चि. टिचकी,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर चार वेळा लिहिलं आणि फाडलं. मामी म्हणाली, आता पाचवं लिहून माझ्या हातात दे, मीच पेटीत टाकते.

मी कौतुकाने विचारलं असं तुला वाटलं. तसं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात एक नवा माल आठ महिने करून पाहिला. राखाडी पाट्या, करवतीने कापता येणाऱ्या. रीत अशी होती की संध्याकाळी दाबयंत्रावर प्रत्येक पाटीला कडेने दाब द्यायचा, लगेच मी हातोडीने वाजवायची. बद्द वाजली की खडूची फुली. फुलीची पाटी रात्रभर यंत्राजवळच्या लाकडी घोडीवर राहायची. सकाळी माल बांधणीला जाण्याआधी मी सगळा पुन्हा वाजवायचा.

या राखाडी पाट्यांतल्या पुष्कळ संध्याकाळी बद्द वाजत आणि सकाळी खणखणीत. फुली तशीच.

तडा गेलेली वस्तू बरी होत नाही. हे मला जितकं ठाऊक होतं तितकं दुसरं काही नव्हतं. मग दोनच गोष्टी उरत होत्या. एक, माझा कान गेला. दुसरी, रात्री कोणीतरी पाट्या बदलतो, चांगल्या ठेवतो आणि त्यांवर माझ्यासारखी फुली काढतो. पाट्या नापास झाल्या की बोल दाबयंत्र चालवणाऱ्याला लागत असे. किल्ली त्याच्याकडे, रात्रपाळीही त्याची. माझ्या आधीपासून तिथे होता. डबा आम्ही एकत्र खायचो.

मी दुसरी गोष्ट धरली. साहेबांना लेखी दिलं.

तो एवढंच म्हणाला, "पाटी तीच आहे. रात्रीत बरी झाली, त्याला मी काय करू?" सगळे हसले. तेव्हापासून त्याचं नाव वैद्य पडलं. यंत्र काढून घेतलं, बांधणीत घातलं. शेवटची सात वर्षं त्याने माझ्या पास केलेल्या मालाभोवती गवत भरलं.

एक राहिलं. बदली व्हायच्या आदल्या आठवड्यात तो एक पाटी घेऊन माझ्या टेबलाशी आला होता. दाब देण्याआधी त्याने तिच्यावर खिळ्याने चांदणी कोरली होती. म्हणाला, "काल संध्याकाळी तूच हिला फुली मारलीस. आज वाजवून बघ." मी वाजवली नाही. हातोडी खणात ठेवली आणि चहाला गेलो.

चादरींचं वाचलं तेव्हा मला ती चांदणी आठवली.

आणखी एक. मला आता ऐकू येत नाही. डावा कान पूर्ण गेला, उजव्यात भांडी पडल्याचा आवाज तेवढा येतो. फोन त्यासाठी घेत नाही. तुला सांगायची लाज वाटली. पाटी वाजवणाऱ्याचा कान जाणं म्हणजे काय, ते तुला समजेल.

मामा


२३ मार्च

ती. मामा,

रात्रभर तुझं पत्र उशाशी होतं. कानाबद्दल तू मला सांगितलं नाहीस, आणि मी राग शोधत बसले. दोघंही सारखेच.

आता दुसरी गोष्ट, वैद्यकाकांची. तू केलंस ते वाईट केलंस, हे मी म्हणायची गरज नाही, तूच लिहिलं आहेस. पण तुझा कान तेव्हा शाबूत होता, असं मला मनापासून वाटतं. संध्याकाळी तू ऐकलंस ते खरं होतं आणि सकाळी ऐकलंस तेही. वैद्यकाकाही खरं बोलत होते. कोणीच खोटं बोललं नाही आणि तरी हे झालं.

त्या महिन्यांची तुझी नोंदवही आहे का? असेल तर फेकू नकोस.

एक विनंती. त्यांच्याकडे जाणार असशील तर मोठ्या डब्याचं उत्तर येईपर्यंत थांब. आज माझ्याकडे आहे ते एका लहान डब्यातलं, कदाचित चुकीचं. ते घेऊन तू गेलास आणि उद्या बाईंचं बरोबर निघालं, तर दोघंही पुन्हा तोंडघशी पडाल. जूनपर्यंत कळेल. हातात काहीतरी घेऊन जा.

टिचकी


२ एप्रिल

चि. टिचकी,

तुझं ऐकणार होतो. मामीने ऐकू दिलं नाही. तिने लिहायच्या पाटीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यासमोर धरलं: "टिचकीचं गणित चुकलं, तर तू त्याला पुन्हा चोर म्हणणार का?" आमच्यात आता भांडणंही लेखी होतात. पुसायला ती वेळ लावते.

तिचं खरं होतं. तेव्हा मला गणिताची गरज नव्हती. त्या टेबलाशी एक टोला मारायला एक क्षण पुरला असता.

तर मी हात हलवत गेलो. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर त्याच्या दोन खोल्या आहेत. जिना अरुंद, कठडा नवा. दार त्यानेच उघडलं. हातात पाना होता, स्वयंपाकघरातला नळ सोडून ठेवला होता. मी उंबऱ्यातच बोलायला लागलो, कारण आत गेलो असतो तर धीर सुटला असता. लेखी दिलं ते खोटं होतं, चांदणीची पाटी वाजवायला हवी होती, सात वर्षं तुझी गेली, सगळं सांगितलं. रस्त्यात पाठ करून ठेवलेलं अर्धं विसरलो.

मग तो बोलायला लागला. पुष्कळ बोलला. पाना हलवत, एकदा खिडकीकडे तोंड करून, मग माझ्याकडे बघत. डोळे पुसले. मी त्याचे ओठ बघत होतो, पण दात नसलेल्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत. तो थांबला तेव्हा सांगणं भागच होतं.

"मला ऐकू येत नाही रे," मी म्हणालो. "काहीच ऐकू आलं नाही."

त्याने पाना खाली ठेवला. मग हसायला लागला. पोट धरून, जिन्याच्या कठड्याला टेकून हसला. खालचा सायकलवाला वर बघायला आला. मी पुन्हा सांग म्हणालो, तर त्याने खिशातून कागद काढून लिहिलं. तो कागद मी ठेवला आहे. त्यावर आहे: "अकरा वर्षांचं साठलं होतं. एकदाच बोलणार होतो. बोलून झालं."

त्याने मला शिव्या दिल्या की माफ केलं, ते मला कधीच कळणार नाही. हे त्याला फार आवडलं आहे. सांगणार नाही म्हणतो. तेवढं मी सोसायला हवं.

मग नळ बसवायला मला धरलं. नळ झाल्यावर ओट्याखाली हात घालून त्याने एक पाटी काढली. अकरा वर्षं तिच्यावर गरम इस्त्री ठेवतात. राखेचा रंग, कोपऱ्यात खिळ्याने कोरलेली चांदणी. पुरावा म्हणून ठेवली होती का, विचारलं. तो मानेने नाही म्हणाला आणि इस्त्रीकडे बोट दाखवलं.

पाटी त्याने आपणहून दिली. गवत भरून, सुतळीने बांधून, त्याच्याच हातची बांधणी. माझी नोंदवही दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे नेली, तीही त्याच खोक्यात आहे. खोकं उलटं धरलंस तरी काही हलणार नाही, असं तुला मुद्दाम कळवायला सांगितलं आहे.

मामा


९ जून

ती. मामा,

खोकं मी खरंच उलटं धरून पाहिलं. काही हललं नाही. वैद्यकाकांना सांग.

आधी मोठा डबा. उत्तर बाईंच्या बाजूने थोडं आणि माझ्या बाजूने थोडं आलं. लहान डब्यात सुरकुती झटकन परतत होती, ते खोटं होतं. ती स्वतःलाच ढकलत होती. मोठ्या डब्यात ती परतत नाही. रिकाम्या जागांशी अडून बसते. आठवडाभर मी तिच्याकडे बघत होते आणि प्रकरण काढायची तयारी केली होती. मग जरा ऊब वाढवली. सुरकुती एका जागेवरून सुटली, पुढच्या जागेशी अडली, पुन्हा सुटली. ती परत जाते, पण थांबत थांबत. म्हणजे तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझं पहिलं उत्तर नव्हतं. वेळ लागतो. किती, ते संगणकाला दाखवता येत नाही.

मग मी नोंदवही बाईंपुढे ठेवली. त्यांनी मराठी शब्दांचा अर्थ विचारून घेतला, आणि उभ्यानेच आठ महिन्यांची सगळी पानं उलटली. संध्याकाळ बद्द, सकाळ खणखणीत, एकशे बारा वेळा. एका दिवशी तू समासात लिहिलं आहेस, 'कान तपासून घेणे.' तिथे त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "या माणसाला स्वतःच्या कानाचा संशय आला, तरी त्याने ऐकलं तेच लिहिलं."

मी त्यांना वहीपुरतंच सांगून थांबणार होते. मग तू साहेबांना काय लिहून दिलंस तेही सांगितलं. राहवलं नाही. रागावू नकोस.

आता पाटी. प्रयोगशाळेत तिला तुमच्या यंत्राइतका दाब कडेने दिला. दाबाआधी यंत्राने टोला मारला, दाबानंतर लगेच, आणि मग दर तासाला एक. मी तिथेच सतरंजीवर झोपले. तुला ऐकू येणार नाही म्हणून नादाची चित्रं काढून पाठवते आहे. जितकी लांब रेघ, तितका वेळ पाटी वाजत राहिली. पहिली रेघ दाबाआधीची. दुसरी आखूड आहे, तिथेच विझते. मग त्या लांबत जातात. अकराव्या तासाची रेघ पहिलीवर ठेवून उजेडात धर. जेमतेम एका केसाचा फरक आहे.

प्रकरण राहिलं. त्यात तुझी नोंदवही आहे आणि चांदणीची पाटीही आहे. वैद्यकाकांनी दाबाआधी खूण केली होती, म्हणून पाटी तीच हे सांगता येतं. तसं करायचं माझ्याही डोक्यात आलं नसतं.

तीन वर्षं मी ज्याला खोट म्हणत होते, त्यातली एक खोट अशी निघाली, की ती असते म्हणून पदार्थ तुटत नाही. हे मी एकटीने शोधलेलं नाही. तुम्ही दोघांनी ते अकरा वर्षं सांभाळून ठेवलं होतं, एकाने वहीत, एकाने इस्त्रीखाली. तुम्हा दोघांना एकत्र कसं आणावं हे मला कळत नव्हतं, ते मामीला कळलं.

पाटी आणि नोंदवही परत पाठवते आहे. बांधणी मी केली आहे. वैद्यकाका हसतील.

पुढच्या महिन्यात येते.

टिचकी


२० जून

चि. टिचकी,

खोकं आलं. वैद्याला बोलावून त्याच्यासमोर उघडलं. तुझी बांधणी बघून त्याने कपाळाला हात लावला. एक कोपरा दबला आहे म्हणतो.

रेघा दोघांनी खिडकीशी धरून पाहिल्या. अकरावी पहिलीवर ठेवली. मग त्याने कागदावर लिहिलं, "मला आधीच माहीत होतं," आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी म्हणालो, हो. मामी कामाचं निमित्त काढून आत गेली.

मला एक करायचं राहिलं होतं. हातोडी अजून आहे, खणातच. ती काढून त्याला दिली. पाटी टेबलाच्या कडेला धरली, चांदणी वर. नोंदवहीत नवं पान काढलं, तारीख घातली, पाटीची खूण म्हणून चांदणी काढली. मग त्याला म्हणालो, वाजव. मला ऐकू येणार नाही. तू सांगशील ते मी लिहीन.

त्याने वाजवली. बोटांना पाटीची थरथर लागली, बाकी काही नाही. तो कान देऊन पूर्ण थांबला, नाद संपेपर्यंत, आम्ही जसं करायचो तसं. मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाला, ओठ वाचता येतील असं:

"बद्द."

मी लिहिलं. बद्द. पुढे वेळ घातली.

शाई वाळते आहे तोवर त्याने वही आपल्याकडे ओढली. मी लिहिलेलं वाचलं. माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा वहीकडे. हसला नाही. माझ्या हातातलं पेन घेतलं, माझा शब्द खोडला, आणि त्याच्यापुढे लिहिलं, 'खणखणीत'. खाली सही केली.

सदतीस वर्षांच्या माझ्या वह्यांत दुसऱ्याच्या हातचं तेवढं एकच अक्षर आहे. ये, दाखवतो.

मामा